पाकिटावरची बाई कोण?

वरणगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आज चित्रांवर बोलायचं आहे, आणि तेही रेडिओवर. चित्र कानाने कसं पाहायचं, असं तुम्ही म्हणाल. आम्ही जमेल तसं सांगत जातो, तुम्ही डोळ्यांपुढे आणत जा. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर चांगलंच आहे, कारण ज्या चित्रांबद्दल सांगणार आहोत त्यांतही चुलीपुढे बसलेल्या बाया आहेत.

विषय निघाला तो बिबड्यांच्या पाकिटावरून. आमचा गट उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड करतो. आजवर साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायचे, मेणबत्तीवर तोंड चिकटवायचं आणि विकायचे. यंदा नीट लेबल छापायचं ठरलं. छपाईवाल्याने संगणकावर नमुना तयार करून मोबाईलवर पाठवला. त्यावर एक बाई होती. नाकात मोत्यांची नथ, कपाळावर चंद्रकोर, अंगावर भरजरी शालू, हातात लाटणं, नखांना लाल रंग. गोरीपान, दात एकसारखे. मीटिंगमध्ये मोबाईल हातोहात फिरला. आमच्यात सगळ्यांत मोठ्या असलेल्या आजींनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि विचारलं, "माय, हे बाई कोन व्हय?"

कोणालाच सांगता येईना. एकीने म्हटलं, हिने नखाचा रंग पिठात उतरवला तर गिऱ्हाईक परत येणार नाही. सगळ्या हसलो. मग एक वहिनी बोलल्या आणि हसू थांबलं. त्या म्हणाल्या, "पण माल विकला जाईल तो हिच्याच तोंडाकडे पाहून. आपली तोंडं पाहून कोण घेणार?"

बिबडे कसे होतात ते खान्देशात सांगायला नको, पण ही माहिती इतर जिल्ह्यांतही जाते म्हणून सांगतो. ज्वारी दोन-तीन दिवस भिजवायची, भरडायची, मग मोठ्या पातेल्यात तिखट, लसूण, तीळ घालून शिजवायची. घाटा घट्ट होत गेला की ढवळणाऱ्या बाईचे खांदे भरून येतात. ऊन चढायच्या आत गच्चीवर ओलं कापड पसरून त्यावर गरम गरम थापायचे. म्हणजे पहाटे 3 ला उठणं आलं, चुलीचा धूर आला, पाण्यात बुडवून बुडवून लाल झालेले हात आले. यातलं काहीही त्या पाकिटावर नव्हतं. आणि वहिनींचं म्हणणं असं, की नसलेलंच बरं.

आम्ही म्हणालो, आजच नको ठरवायला. पुढच्या मीटिंगला आमच्यातल्या एकीची मुलगी आली. ती चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करते. तिने वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं होतं, जपानच्या जुन्या छापील चित्रांचं. म्हणाली, "मावशी, हे बघा. इथे सगळी आपल्यासारखीच माणसं आहेत."

तिचं म्हणणं आधी कोणी मनावर घेतलं नाही. पण पुस्तक उघडलं आणि दोन तास गेले.

ही चित्रं साधारण 200 ते 250 वर्षांपूर्वीची. म्हणजे आपल्याकडे पेशवाईचा उत्तरार्ध आणि मग इंग्रजांचं राज्य सुरू होण्याचा काळ. त्या वेळी जपानचा कारभार जिथून चाले ते शहर होतं एदो, आजचं टोकियो. वस्ती सुमारे 10 लाख. व्यापारी, कारागीर, हमाल, नोकरचाकर यांनी गजबजलेलं. या लोकांना घरात लावायला, मुलांना दाखवायला, गावी जाताना भेट म्हणून न्यायला चित्रं हवी होती. हाताने रंगवलेलं चित्र त्यांना परवडणार नव्हतं. म्हणून लाकडी ठशांनी चित्रं छापून विकली जाऊ लागली. एक चित्र साधारण एका वाडगाभर नूडल्सच्या किमतीला मिळायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर एका प्लेट मिसळीच्या पैशात.

छापायची रीत सांगतो, कारण ती कळली की पुढचं कळतं. शाळेत आपण सगळ्यांनी भेंडी कापून, रंगात बुडवून कागदावर फुलं उठवली आहेत. तत्त्व तेच. चित्रकार पातळ कागदावर रेषांनी चित्र काढायचा. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवायचा. मग कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या ठेवून बाकीचं सगळं लाकूड काढून टाकायचा. केसांची एकेक बट लाकडात उभी ठेवायची, म्हणजे हात किती स्थिर हवा विचार करा. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी. निळ्याची एक, लालाची एक, पिवळ्याची एक. सगळे रंग बरोबर जागेवर बसावेत म्हणून प्रत्येक फळीच्या कोपऱ्यात खाच असायची, कागद त्या खाचेला टेकवायचा. शेवटी छापणारा कारागीर फळीवर रंग लावून, कागद ठेवून, बांबूच्या पानात गुंडाळलेल्या गोल गादीने मागून घासायचा. आणि या सगळ्यांना पैसे देणारा, काय विकलं जाईल ते ठरवणारा प्रकाशक वेगळा. चित्रावर मोठं नाव मात्र चित्रकाराचं. आपल्याकडे रांधणारी एक आणि वाढून शाबासकी घेणारी दुसरी असं होतं, तसंच काहीसं.

आता चित्रं. उतामारो नावाचा चित्रकार होता, 1806 मध्ये वारला. त्याचं एक स्वयंपाकघराचं चित्र आहे. त्यात एक बाई बांबूच्या नळीने चुलीत फुंकर मारतेय. फुंकणी! आमच्या आजी एकदम पुढे सरकल्या. बाजूची बाई वाफेने आणि धुराने तोंड वाकडं करून मान वळवतेय. कोणी कोणाकडे पाहून हसत नाही, सगळ्या कामात. चित्रकाराने त्यांना सुंदरच काढलं आहे, गळा लांब, केस चोपून बांधलेले. पण धुराने डोळे बारीक होतात ते त्याने सोडलं नाही. त्याच चित्रकाराने रेशीमकिड्यांवर 12 चित्रांची एक मालिका केली. अंड्यांपासून धाग्यापर्यंत सगळं काम बायाच करताना दिसतात. पानं चिरणं, किड्यांना घालणं, कोष उकळणं. बचत गटाच्या प्रशिक्षणात भिंतीवर लावायचे तक्ते असतात ना, हुबेहूब तसंच वाटलं आम्हाला, फक्त फार देखणं.

दुसरा होकुसाई. हा 1760 मध्ये जन्मला आणि 1849 पर्यंत जगला, म्हातारपणीही हात थांबला नाही. त्याची मोठी लाट तुम्ही पाहिली असेल, टी-शर्टवर, मोबाईलच्या कव्हरवर सगळीकडे असते. निळीशार लाट आणि मागे छोटासा फुजी डोंगर. आम्हीही ती पाहिली होती. पण त्या लाटेत तीन होड्या आहेत, आणि होड्यांत वल्हं धरून वाकलेली माणसं आहेत, हे त्या मुलीने बोट ठेवून दाखवलं तेव्हा दिसलं. मासळी घेऊन जाणाऱ्या होड्या त्या. जगभर लोक लाट पाहतात, रोजंदारीवर निघालेली माणसं सुटून जातात.

त्याच मालिकेत एक चित्र आहे त्यात सुतार लाकडाचं प्रचंड मोठं पिंप तयार करतोय. पिंपाला अजून तळ नाही, ते आडवं आहे, सुतार आत उभा राहून घासतोय, आणि पिंपाच्या गोलातून लांबवर फुजी दिसतो, सुपारीएवढा. देवासारखा मानलेला डोंगर केवढा, आणि सुताराचं काम केवढं, ते बघा. आणखी एका चित्रात जंगलात मोठा ओंडका करवतीने कापणारी माणसं आहेत आणि तिथेच पाठीला लेकरू बांधलेली एक बाई आहे. एकात वारा सुटलाय, आणि वाटेवरच्या बाईच्या हातातले कागद उडून आभाळात चाललेत. ते पाहून आमच्या गटाच्या सचिव म्हणाल्या, "माझं ठरावाचं रजिस्टर असंच उडालं होतं बँकेच्या दारात."

1814 पासून होकुसाईने चित्रांची पुस्तकंही काढायला सुरुवात केली, एकूण 15 भाग निघाले. शिकणाऱ्यांनी पाहून गिरवावं म्हणून. त्यात अंघोळ करणारे, ओझं वाहणारे, कुस्ती खेळणारे, दात काढून वेडीवाकडी तोंडं करणारे, जाडे, रोड, सगळे. कोणालाही नटवून बसवलेलं नाही.

होकुसाईला ओई नावाची मुलगी होती. तीही चित्रकार. लग्न मोडल्यावर वडिलांकडे परतली आणि अखेरपर्यंत त्यांच्यासोबत काम करत राहिली. तिच्या सहीची चित्रं मोजकीच उरली आहेत. वडिलांच्या नावावर असलेल्या कामात तिचा हात किती, यावर अभ्यासक आजही बोलतात. शेतीच्या सातबाऱ्यावर नाव नसलेल्या आपल्या सगळ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

तिसरा हिरोशिगे. एदोहून क्योतो या जुन्या राजधानीच्या शहरापर्यंत जाणारा मोठा रस्ता होता, तोकाइदो. वाटेत 53 मुक्काम. 1833-34 च्या सुमारास त्याने प्रत्येक मुक्कामाचं एक आणि सुरुवातीचं व शेवटचं अशी 55 चित्रं काढली. आम्हाला हीच सगळ्यांत आवडली. एका मुक्कामी अचानक पाऊस आलाय, बांबू वाकलेत, पालखी वाहणारे हमाल चढावर धावतायत आणि खाली एकजण छत्री सावरतोय. एका ठिकाणी रस्त्याकडेला गवताने शाकारलेलं खाणावळीचं झोपडं आहे, बाई पाठीवर बाळ बांधूनच गिऱ्हाइकांना कंदाचा रस्सा वाढतेय, आणि दोन प्रवासी हावरटासारखे खातायत. एका गावात गाठी मारून रंगवलेल्या कापडाची दुकानं आहेत, म्हणजे आपल्या बांधणीसारखी, आणि समोरून बायका प्रवासाला चालल्यात.

आणि गोयु नावाच्या मुक्कामाचं चित्र. संध्याकाळ झालीय. धर्मशाळेच्या नोकर बाया रस्त्यावर येऊन वाटसरूंना आत ओढतायत. एकीने तर एका माणसाच्या गळ्यात बांधलेलं गाठोडंच पकडलंय, त्याचा जीव गुदमरतोय. भुसावळ स्टेशनबाहेर रिक्षावाल्यांच्या तावडीत सापडलेला माणूस असाच दिसतो. हे चित्र लक्षात ठेवा, याच्याकडे परत येणार आहोत.

इतकं ऐकून तुम्हाला वाटेल की जपानमध्ये गरिबाला फार मान होता. तसं नव्हतं, आणि ते न सांगणं खोटेपणाचं होईल. सर्वांत जास्त खपायची ती नाटकातल्या नटांची आणि कलावंतिणींची चित्रं. एदोमध्ये कोठ्यांची एक वेगळी वस्ती होती. तिथे कर्जापायी आईबापांनी विकलेल्या मुली असायच्या, लहानपणी आणलेल्या, करार फिटेपर्यंत बाहेर पडता न येणाऱ्या. चित्रात त्यांचे रेशमी कपडे दिसतात, कर्ज दिसत नाही. ती चित्रं म्हणजे एका अर्थी जाहिरातच होती. आमच्या पाकिटावरच्या नथवाल्या बाईची ती थोरली बहीण म्हणा.

पण त्याच उतामारोने दोन साध्या मुलींनाही प्रसिद्ध केलं. एकीचं नाव ओकिता, ती चहाच्या दुकानात काम करायची. दुसरी ओहिसा, तिच्या वडिलांचा तांदळाच्या कुरकुरीत पापड्या विकायचा धंदा होता. त्यांची नावं घालून चित्रं निघाली आणि त्यांना पाहायला दुकानांपुढे गर्दी झाली. मग सरकारला ते खुपलं. 1790 नंतरच्या त्या दशकात हुकूम निघाला, की कलावंतिणी सोडून इतर बायांची नावं चित्रांवर छापायची नाहीत. लोक हुशार. त्यांनी नावाऐवजी कोपऱ्यात छोटी छोटी चित्रं घातली, त्यांचे उच्चार जोडले की नाव तयार व्हायचं, आपल्या कोड्यासारखं. काही वर्षांनी त्यावरही बंदी आली. पापड्या विकणाऱ्या घरातल्या मुलीचं नाव कागदावर आलं तर राज्याचं काय बिघडणार होतं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. पण नावात काहीतरी ताकद आहे एवढं त्या अधिकाऱ्यांना नक्की कळलं होतं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्यापासून काही तासांवर, फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याची लेणी आहेत. तिथे 1500 वर्षांपूर्वीच्या चित्रांत बाया आहेतच की. 17 नंबरच्या लेण्यात राजपुत्र विश्वंतर रथातून गाव सोडून निघतो तेव्हा वाटेत बाजार लागतो, दुकानदार दिसतात. चवऱ्या ढाळणाऱ्या, आरसा धरणाऱ्या, ताटं घेऊन येणाऱ्या दासी आहेत, त्यांच्या चोळ्यांचं विणकामसुद्धा ओळखू येतं. पण मध्यभागी राजा, राणी किंवा बुद्ध. लेणी कोणी कोरवली? 16 नंबरच्या लेण्यातला शिलालेख सांगतो, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने. पैसे दरबाराचे, म्हणून मध्यभागी दरबार. दासी कडेला. एदोतल्या हमालाने स्वतःच्या खिशातून चित्र विकत घेतलं, म्हणून तिथे हमाल मध्यभागी आला. आम्हाला या सगळ्यातून कळलं ते एवढंच, आणि पाकिटाच्या वादात ते फार उपयोगी पडलं.

मग आपल्याकडे चित्रं स्वस्त झाली तेव्हा काय झालं? ती झाली साधारण दीडशे वर्षांपूर्वी. पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा प्रेस निघाला. 1894 मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. तिथे लाकडाऐवजी दगडावर चित्र काढून छापायचे, दर रंगाला वेगळा दगड. ती चित्रं घराघरांत गेली. पण लोकांनी पैसे देऊन घेतले ते देव. लक्ष्मी, सरस्वती, राम, कृष्ण, दत्त. आपल्या आज्यांच्या देवघरातली लक्ष्मी तिथूनच आलेली. त्यात चूक काय, देवळात जाता न येणाऱ्यांनाही देव घरात मिळाला. पण गरीब माणसाने स्वतःचं चित्र विकत घ्यावं, असं आपल्याकडे फारसं घडलं नाही.

साधी माणसं छापील चित्रांत आणणारे होते महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म कोल्हापूरचा, 1867 चा. 1890 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले, नंतर तिथेच शिक्षक झाले, आणि 1931 मध्ये निवृत्त होण्याआधी त्या शाळेचं संचालकपदही त्यांनी सांभाळलं. ते विद्यार्थी असताना तिथे ग्रिफिथ्स नावाचे साहेब प्राचार्य होते. याच ग्रिफिथ्सनी 1872 ते 1885 या काळात विद्यार्थी नेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या होत्या. धुरंधरांचं डोळ्यांत भरणारं काम म्हणजे रस्त्यावरची माणसं. मुंबईच्या गल्ल्या, सणाची गर्दी, वरात, पाणी नेणाऱ्या, मासळी विकणाऱ्या. नऊवारीचा कासोटा काम करताना कसा बसतो, ओझ्याखाली कंबर कुठे वळते, हे त्यांना नेमकं माहीत होतं. आम्ही मोबाईलवर त्यांची चित्रं मोठी करून करून पाहिली, पदर खोचलेला बरोबर असतो की नाही ते तपासायला. बरोबर असतो.

मुंबईत 1900 नंतर पोस्टकार्डं निघाली त्यांवरही त्यांची चित्रं छापली गेली. पण कोण घ्यायचं ती कार्डं? बहुतेक साहेब लोक, विलायतेत घरी पाठवायला. एका कार्डावर एक मोलकरीण आहे, आणि खाली इंग्रजीत छापलंय, नखरेल मोलकरीण. बिचारी भांडी घासून निघाली असेल. 1920 मध्ये हिंदुस्थानातल्या बायांवर एक इंग्रजी पुस्तक निघालं, मजकूर ऑटो रॉथफेल्ड या साहेबांचा, चित्रं धुरंधरांची. गंमत म्हणजे हे साहेब मुंबई इलाख्यात सहकारी संस्थांचे निबंधक होते, म्हणजे आपल्यासारख्यांच्या कारभाराशी संबंध असलेले. पुस्तकातली चित्रं अप्रतिम आहेत. कष्टकरी बायाही आहेत, आदिवासी बायाही आहेत. पण चित्राखाली काय? जात, जमात, धंदा, गाव. अमक्या जातीची बाई, तमक्या प्रांतातली बाई. ती कोण, ते नाही. धुरंधरांना आम्ही दोष देत नाही, त्यांनी माणूस पाहिला आणि मन लावून काढला. नावाची गरज वाचणाऱ्याला वाटत नव्हती.

त्यांची मुलगी अंबिका धुरंधर यांनीही जे. जे. मध्ये शिक्षण घेतलं आणि त्या चित्रकार झाल्या. ओईपेक्षा त्यांचं नाव आपल्यापर्यंत जास्त पोहोचलं, हे चांगलं.

आणखी एक नाव घेतो, चित्तप्रसाद. माणूस बंगालचा, पण 1946 पासून राहिला मुंबईत, अंधेरीला. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात त्याने उपाशी माणसांची चित्रं काढली, ते पुस्तक इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केलं. मुंबईत त्याने लिनोलियमवर, म्हणजे फरशीवर अंथरतात त्या जाड पत्र्यासारख्या कापडावर, कोरून चित्रं छापली. तीच जुनी लाकडी ठशाची रीत, फक्त स्वस्त. जास्त लोकांपर्यंत जावं म्हणूनच ती निवडलेली. कामाला जुंपलेली लहान मुलं त्याने काढली, त्या चित्रांचं पुस्तक पुढे डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने छापलं. काळं-पांढरं सगळं. ती पाहताना आमच्या मीटिंगमध्ये कोणी बोललं नाही, कारण ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

तर पाकीट. मुलीने सुचवलं की आपलंच चित्र काढू. गच्ची, ओलं कापड, थापणाऱ्या बाया. वहिनींचा विरोध कायम. त्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. शहरातलं गिऱ्हाईक दुकानात उभं राहून पाच सेकंद पाहतं, त्याला स्वच्छ आणि देखणं हवं. आपला धूर, आपले फुगलेले हात त्याला दाखवून माल पडून राहिला तर कर्जाचा हप्ता ती मुलगी भरणार आहे का? दुसरी अडचण चेहऱ्याची. दोघींच्या घरून निरोप आला, आमच्या सुनेचं तोंड दुकानादुकानात लटकायला नको. तिसरी अडचण जागेची. लेबलवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खायचे ते, किंमत, पत्ता, हिरवा ठिपका आणि अन्न सुरक्षेचा 14 आकडी नंबर, हे सगळं यावंच लागतं. एवढ्यात चित्र किती मावणार?

यावर बराच वाद झाला. शेवटी तोडगा निघाला तो त्या गोयुच्या चित्रातून, ज्यात बाया वाटसरूला ओढतायत. मुलीने आम्हाला एक गोष्ट दाखवली जी पहिल्यांदा पाहताना कोणाच्याच लक्षात आली नव्हती. त्या धर्मशाळेत आत पाट्या टांगल्यात, आपल्याकडे हॉटेलात असतात तशा. त्यांवर जपानीत लिहिलंय ते जेवणाचे भाव नाहीत. तिथे लिहिलंय, कोरणारा जिरोबेई, छापणारा हेईबेई. ज्या कारागिरांची नावं सहसा कुठेच येत नसत, ती हिरोशिगेने दुकानाची पाटी म्हणून चित्रातच घुसवली. कुरकुरीत पापड्यावाल्या मुलीचं नाव पुसणाऱ्या राज्यात ही नावं 190 वर्षं टिकली. ओढणाऱ्या बायांची नावं मात्र त्याने लिहिली नाहीत. आजींनी विचारलं, "त्यायले नावं नव्हती का?"

मग मुलीने चित्र काढलं. वरून पाहिल्यासारखी गच्ची, पांढरं लुगडं पसरलेलं, त्यावर बिबड्यांचे गोल गोल ठिपके, आणि भोवती वाकलेल्या 11 बाया. वरून पाहिल्यामुळे चेहरे दिसत नाहीत, अंबाडे आणि थापणारे हात दिसतात. घरच्यांची हरकत मिटली. धूर तिने ठेवला, कोपऱ्यात, निळसर. वहिनींनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, ठीक आहे, पण रंग चांगले घाला. आणि लुगड्याच्या काठावर, जिथे नक्षी असते तिथे, बारीक अक्षरांत आमची नावं. दुरून पाहिलं तर काठच वाटतो.

छपाईवाल्याने दोनच रंग घ्या म्हणून सांगितलं, चार रंगांचे पैसे जास्त. तेव्हा काठ लाल आणि बाकी निळं. पहिली 500 लेबलं आली आहेत. चिकटवायचं काम रात्री जेवणं झाल्यावर करतो. नथवाल्या बाईचा नमुना वहिनींनी अजून मोबाईलमध्ये ठेवलाय. म्हणतात, हे नाही चाललं तर पुढच्या वेळी ती आहेच. दिवाळीपर्यंत किती खपतात ते पाहू आणि आकडा तुम्हाला इथेच सांगू.

काठावर नावं 10 आहेत. अकराव्या बाईने आपलं नाव घालू दिलं नाही, आणि का ते सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. तिच्या नावाच्या जागी मुलीने तीन छोटी पानं काढली आहेत.